पहिले वीस छर्रे

मी घाबरट आहे, असं सलग तीन वर्षं तीन माणसं सांगत होती. एक रेंजवरचे कोच, दुसरे आमचे हे, आणि तिसरी मी स्वतः. तिसरीचं म्हणणं मला सगळ्यात जास्त पटायचं.

आमचे हे फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे हवालदार. गाव साताऱ्याकडचं, बदली दिल्ली कँटोन्मेंटला. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि घरात दुपारी भांड्यांचासुद्धा आवाज होईना, तेव्हा कुठल्याशा फॅमिली डेला बायकांसाठी एअर रायफलचा स्टॉल लागला होता. शाळेत असताना एनसीसीत मी रायफल चालवली होती. दहा फुगे दहा छर्ऱ्यांत फोडले. मेजर साहेबांच्या मिसेसनी टाळ्या वाजवल्या, ह्यांची छाती फुगली, आणि पुढच्या चार महिन्यांत ह्यांनी स्वतः हिंडून, चार हत्यारं उलटीपालटी करून बघून, माझ्यासाठी एक जुनी एअर रायफल आणली. वयाच्या चाळिसाव्या वर्षी मी शहराच्या दक्षिण टोकाच्या एका शूटिंग रेंजवर नाव घातलं. रायफलची लांबडी पेटी पायांत उभी धरून मी स्कूटरवर मागे बसायची. सिग्नलला हमखास कोणीतरी विचारायचं, “आंटी, गिटार है क्या?” मी म्हणायची, “हां, सितार.”

खेळ सांगायला सोपा आहे. दहा मीटरवर टार्गेट, त्याच्या मधोमध छापील पूर्णविरामाएवढा ठिपका. उभं राहून साठ छर्रे मारायचे, दहा-दहाच्या सहा फेऱ्या. छर्रा शिशाचा असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा, कमरेत बारीक आणि मागून पोकळ. गुण दशांशात मोजतात. अगदी मधोमध लागला तर दहा पूर्णांक नऊ, जरा सरकला की दहा पूर्णांक दोन, अजून सरकला की नऊ आणि काहीतरी. राज्याच्या स्पर्धेत सहाशे गाठले तर पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाता येतं. मी दोन वर्षं पाचशे शहाण्णव-सत्त्याण्णवला अडकून बसले होते.

आणि अडकायची जागाही ठरलेली. पहिली फेरी शहाण्णव, दुसरी सत्त्याण्णव. तिसरीपासून रायफल अशी चालायची की शेजारच्या लेनवरच्या पोरी मान वळवून बघायच्या. पण पहिल्या वीस छर्ऱ्यांत जे गेलं ते पुढच्या चाळिसांत कुठून भरून निघणार? सुरुवातीला सरावाचे छर्रे हवे तेवढे मारता येतात, पण हात दमू नयेत म्हणून कोचनी मला दोन-तीनांचीच शिस्त लावली होती.

कोच हरयाणाचे, स्वतः जुने खेळाडू, आवाज असा की पलीकडच्या हॉलमध्ये ऐकू जावा. ते म्हणायचे, “मैडम, आपका स्टार्ट कमज़ोर है. हाथ ठीक है, दिल कच्चा है. डर निकालो.”

मी घरी आले की हे विचारायचे, “काय झालं?”

“पहिल्या दोन फेऱ्या पडल्या.”

“वेपन बरोबर असतं. फायरर चुकतो.” हे वाक्य ह्यांनी चोवीस वर्षं जवानांना ऐकवलं होतं. नेम चुकलेला जवान रायफल घेऊन वर्कशॉपला तक्रार करायला आला, की हे रायफल तपासायचे, परत द्यायचे आणि म्हणायचे, “फायरर की गलती.” घरी येऊन तेच मराठीत.

मग मी भीती काढायच्या मागे लागले. पहाटे उठून प्राणायाम केला. चहा सोडला, त्यामुळे डोकं दुखायला लागलं, म्हणून परत धरला. स्पर्धेच्या आधी शंभरापासून उलटे आकडे मोजले. कोणीतरी सांगितलं म्हणून खिशात लिंबू ठेवलं. काही उपयोग झाला नाही. रायफल खांद्याला लावली की मी स्वतःलाच म्हणायची, आता घाबरशील बघ, आणि पहिला छर्रा नऊवर जायचा. मला स्वतःची लाज वाटायला लागली होती. विंचवाला चपलेने मारणारी बाई मी, आणि कागदाच्या ठिपक्याला भिते?

त्या वर्षी मे महिन्यात गोष्ट हातघाईवर आली. हे ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं, सामान बांधायचं आणि गावी जायचं, असं ठरलेलं. गावापासून सगळ्यात जवळची रेंज चार तासांवर. राज्याची स्पर्धा ऑगस्टमध्ये होती. म्हणजे सहाशे गाठायची ही शेवटची संधी, नाहीतर रायफल कपाटावर आणि मी घाबरट ती कायमची घाबरट.

रेंजवर माझी एक मैत्रीण होती. मी त्यांना ताई म्हणायची. यवतमाळकडच्या, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला आर. के. पुरमला. आमची ओळख झाली ती मराठी मंडळाच्या बसमध्ये, जानेवारीत पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाताना. बोलता बोलता कळलं की त्या पिस्तूल चालवतात आणि माझ्याच रेंजवर येतात. परतीच्या वाटेवर आम्ही दोघींनी पानिपतच्या दुकानातून एकसारख्या सतरंज्या घेतल्या आणि दिल्ली येईपर्यंत ट्रिगरवर गप्पा मारल्या. बसमधल्या बाकीच्या बायका आमच्यापासून जरा लांब सरकून बसल्या होत्या.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ताई रेंजवर खिरीचा डबा घेऊन आल्या. खीर खाताना माझं रडगाणं चालू होतं. ताईंनी शांतपणे विचारलं, “वहिनी, तुम्ही छर्रे कोणते वापरता?”

“चार पन्नास.” म्हणजे डोक्याचा व्यास साडेचार मिलिमीटर. डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

“तेच का?”

“आपली चॅम्पियन तेच वापरते ना! सगळेच तेच वापरतात.”

आमच्या रेंजची ही रीतच होती. ज्या मुलीला मेडल मिळालं तिची डबी कोणती, ते सगळे वाकून बघायचे आणि तीच आणायचे. तिने शूज बदलले की महिन्याभरात दहा जणींचे शूज बदलायचे.

“पण तुमच्या रायफलला कोणता चालतो, ते कधी तपासलं?” ताई म्हणाल्या. “प्रत्येक नळीची आवड वेगळी असते म्हणतात. यार, तुम्ही तर चेक न करता फाइल पुढे पाठवताय.”

मला राग आला. राग यासाठी की तीन वर्षांत हा साधा प्रश्न मला का पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी चार प्रकारच्या डब्या आणल्या: चार एकोणपन्नास, चार पन्नास, चार एकावन्न, आणि चौथी जरा जड छर्ऱ्याची.

पुढचे आठ दिवस दुपारभर घरात छर्रेच छर्रे होते. मी स्टीलच्या ताटात ते ओतायची आणि एकेक चिमट्याने उचलून बघायची. मागची कड चेपलेला बाजूला, डोक्यावर ओरखडा असलेला बाजूला. मग ड्रेसिंग टेबलचा आरसा काढून जमिनीवर आडवा ठेवला आणि त्यावर छर्रे घरंगळत सोडले. चांगला छर्रा सारखं वळण घेत जातो, वाकडा मध्येच लडबडतो. हे घरी आले तेव्हा आरसा जमिनीवर, मी पालथी पडलेली आणि भाजी करपलेली. त्यांनी करपलेली भाजी खाल्ली.

खरी परीक्षा मात्र रायफलीतूनच व्हायला हवी होती, आणि तीही माझा हात मध्ये न येता. त्यासाठी रायफल घट्ट पकडून ठेवणारी लोखंडी पकड लागते, तिला वर्कशॉपमध्ये वाइस म्हणतात. मी ह्यांच्याकडे मागितली.

“कशाला? वेपन मी रोज बघतोय.”

“वेपन नाही, छर्रे बघायचेत.”

“बघ बाई. पण सांगून ठेवतो, फायरर...”

“माहितीये हो!” मी ओरडले.

तरीही ह्यांनी वाइस करून दिला. मन लावून केला. लाकडाचे दोन जबडे, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर, रायफलीला ओरखडासुद्धा येऊ नये असा. एका रविवारी रेंजवर येऊन तो बाकाला बोल्ट मारून बसवूनही दिला. खाली मी पानिपतची सतरंजी घातली, म्हणजे बाक हलणार नाही.

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी दोन वाजता आम्ही दोघींनी सुरुवात केली. त्या वेळेला बाहेर अंग भाजणारी लू चालू असते, रेंजवर चिटपाखरू नसतं. कूलर घुमत होते आणि हवा तेवढ्यापुरती गार करत होते. नियम ताईंनी ठरवले. प्रत्येक डबीतले दहा छर्रे, एका कागदावर पाच, म्हणजे दोन कागद. वाइसमध्ये रायफल, मी फक्त छर्रा भरायचा आणि ट्रिगर दाबायचा. आणि प्रत्येक कागदावर ताई तारीख, वेळ आणि क्रमांक टाकणार.

“वेळ कशाला?” मी विचारलं.

“वेळ टाकल्याशिवाय आमच्याकडे कागद हलत नाही,” ताई म्हणाल्या. ऑफिसची सवय, मी हसून सोडून दिलं.

आधी चॅम्पियनची चार पन्नास लावली. पाच छर्ऱ्यांचं मिळून वाटाण्याएवढं फाटलेलं भोक पडलं. नंतर चार एकावन्न, तेही तसंच. मग जड छर्रे, ते एकदम एकाच जागी गोळा झाले. शेवटी चार एकोणपन्नास, आणि पाच छर्रे एकाच भोकातून गेले, जणू एकच मारला होता. मी उडीच मारली. “बघा! मी सांगत होते! ती चार पन्नास कचऱ्यात टाका!” सांगत होते कुठे, पण त्या क्षणी मला तसंच वाटत होतं.

ताईंनी एवढंच म्हटलं, “एकदा उलट क्रमाने करून बघू. उद्या.”

रविवारी उलट क्रम. आधी माझी लाडकी चार एकोणपन्नास. वाटाण्याएवढं भोक. मग जड छर्रे, तेही फाटलेले. आणि शेवटी आली ती कचऱ्यात टाकायची चार पन्नास, तिने काय करावं? एकाच भोकात पाच.

मी डबी बाकावर अशी आपटली की झाकण उडून छर्रे लेनभर पांगले. त्याच वेळी कोच आत आले. त्यांनी कागद बघितले आणि हसत म्हणाले, “पेलेट से कुछ नहीं होता, मैडम. कितनी बार बोलूं, डर निकालो.” मी खाली बसून छर्रे गोळा करत होते आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

ताईंनी मला स्कूटीवर बसवलं आणि आर. के. पुरमला आपल्या घरी नेलं. सरबत दिलं. मग हॉलमधला टीपॉय बाजूला सारून त्यांनी ते सोळाच्या सोळा कागद फरशीवर मांडायला घेतले. आधी डबीप्रमाणे मांडले, काही अर्थ लागेना. मग त्यांनी ते सगळे उचलले आणि वेळेप्रमाणे मांडले. शनिवारची एक ओळ, रविवारची एक ओळ.

ताई बराच वेळ उकिडव्या बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, “वहिनी, इकडे या. डबीचा काही संबंधच नाहीये.”

दोन्ही ओळींत पहिले चार कागद फाटके आणि पुढचे चार स्वच्छ. कोणतीही डबी असो, दिवसाचे पहिले वीस छर्रे वाईट आणि त्यानंतरचे चांगले.

“अच्छा!” ताई म्हणाल्या. “म्हणजे तुमचीच सवय हिलाही. हिचंही स्टार्ट कमजोर.”

मी हसले. हसता हसता थांबले, कारण माझ्या लक्षात आलं की त्या बाकावर मी नव्हतेच. रायफल वाइसमध्ये होती. लाकडाचे जबडे, ट्यूबचं रबर. वाइसला कसली भीती? त्याचं दिल कच्चं कसं असेल? त्याने कुठला प्राणायाम चुकवला होता?

“ताई,” मी म्हणाले, “मी घाबरत नव्हते.”

आणि मी त्यांच्या फरशीवर, त्या कागदांच्या मध्ये बसून भोकाड पसरलं. इतका आनंद मला मुलगा दहावी पास झाला तेव्हाही झाला नव्हता. तीन वर्षं मी एक खोटी गोष्ट स्वतःबद्दल खरी मानून जगत होते. ताई पाठीवर हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, “रडा, रडा, बिल्कुल रडा. पण मग रायफलला होतं काय, ते शोधू.”

रडू ओसरलं आणि मला ते दिसलंच. रोज सकाळी रायफल वाईट, थोडी चालवली की चांगली. म्हणजे रोज संध्याकाळी तिला काहीतरी होत होतं. संध्याकाळी तिला काय होतं, हे माझ्याशिवाय जगात एकाच माणसाला माहीत होतं.

सहा वाजता हे ड्यूटीवरून यायचे. चहा घ्यायचे. मग वर्तमानपत्र अंथरून, रायफल मांडीवर घेऊन बसायचे. फौजेत नळी साफ करायला पुलथ्रू असतो, म्हणजे लांब दोरी आणि तिच्या टोकाला चिंधी. माझ्या रायफलीची नळी बारीक, म्हणून ह्यांनी नायलॉनच्या दोरीचा खास बारीक पुलथ्रू बनवला होता. चिंधीला रायफलचं तेल लावायचे आणि नळीतून ती अशी हळुवार ओढायचे की मला कधीकधी रायफलीचा हेवा वाटायचा. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. ताप असताना पांघरूण घेऊन पुसली. फौजेच्या रायफलीत बारूद जळतं, ती रोज पुसली नाही तर गंजते. माझी रायफल हवेवर चालते. तिच्यात ना बारूद, ना धूर. तिच्या नळीला शिशाचा एक पातळ थर बसलेला लागतो, तो बसला की छर्रे एकसारखे जातात. हे रोज तो थर काढून टाकत होते आणि वर तेलाचा हात देत होते. दुसऱ्या दिवशी माझे पहिले वीस छर्रे तो थर पुन्हा बसवण्यात जात होते.

घरी पोहोचले तेव्हा वर्तमानपत्र अंथरलेलं होतं.

“थांबा,” मी म्हणाले. “तेल लावू नका.” आणि दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं. सांगायची पद्धत चुकली, हे आज कबूल करते. तीन वर्षांचा राग एका दमात बाहेर आला. “फायरर नाही, आर्मरर चुकतोय,” असंही म्हणाले.

ह्यांनी रायफल मांडीवरून उचलून पेटीत ठेवली. चिंधीची घडी केली. “चोवीस वर्षं,” एवढंच म्हणाले. मग पेटीचं झाकण लावत, “बिनतेलाची बॅरल माझ्या घरात?” आणि उठून बाल्कनीत गेले.

चार दिवस आमच्यात फक्त मीठ, पाणी आणि चावीबद्दल बोलणं झालं. संध्याकाळी हे चहा घेऊन झाल्यावर हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसायचे. मला वाईट वाटत होतं, पण मी माघार घेणार नव्हते. निवृत्त व्हायला चार महिने राहिलेल्या माणसाला त्याच्याच कामात चूक दाखवणं काय असतं, ते मला कळत होतं. पण तीन वर्षं मला माझ्यात चूक दाखवली गेली होती, तेही मला कळत होतं.

गुरुवारी जेवताना हे म्हणाले, “शनिवारी संध्याकाळी मी तेल लावणार. रविवारी मी येतो. वाइसवर मी बसणार, मोजमाप मी घेणार.”

रविवारी हे धुतलेला शर्ट घालून आले, सोबत आपला व्हर्नियर. व्हर्नियर म्हणजे दशांश मिलिमीटर मोजायची पट्टी, ती ते मखमलीच्या डबीत ठेवतात. मला छर्ऱ्यांना हातही लावू दिला नाही. पहिले वीस मारले, वाटाणे. पुढचे वीस मारले, एकेक भोक. ह्यांनी खिशातून पुलथ्रू काढला, तिथेच बाकावर नळी पुसली, तेलाचा हात दिला आणि परत पाच मारले. परत वाटाणा.

ह्यांनी व्हर्नियर लावला. मोजलं. पुन्हा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. ताई माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. कोचसुद्धा येऊन मागे थांबले होते, आवाज न करता, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मग ह्यांनी व्हर्नियर डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली आणि कोचकडे वळून, वर्कशॉपमध्ये बोलतात तशा आवाजात म्हणाले, “फायरर ठीक है, साहब. आर्मरर की गलती.”

कोच खाली बघायला लागले. मी मात्र ह्यांच्याकडे बघत होते. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि इतका अभिमान मला ह्या माणसाचा कधी वाटला नव्हता.

त्यानंतर आम्ही डब्यांची परीक्षा नव्याने घेतली, थर बसलेल्या नळीवर, तीन वेगवेगळ्या दिवशी, क्रम बदलून. माझ्या रायफलीची आवड चार एकोणपन्नास निघाली. चॅम्पियनची चार पन्नास तिसरी आली. त्याच बॅचच्या डब्या आणून ठेवल्या, कारण बॅच बदलली की परत सगळं पहिल्यापासून. आणि संध्याकाळच्या त्या रिकाम्या वेळेत ह्यांनी नवं काम शोधलं. शिसवाच्या एका फळीला साठ खळगे पाडून त्यांनी छर्ऱ्यांसाठी ट्रे केला. आरसा जमिनीवर टाकून, पालथे पडून ते छर्रे घरंगळवायचे आणि मला वर बघून सांगायचे, “हा नको. हा लंगडतोय.” रायफल फक्त बाहेरून पुसायची परवानगी होती. लाकडी दस्ता इतका चमकायला लागला की त्यात तोंड दिसावं.

ऑगस्टमधल्या स्पर्धेच्या दिवशी हवा अशी दमट होती की जॅकेटच्या आत घाम ओघळत होता. ताई आणि हे मागच्या खुर्च्यांवर. मी रायफल खांद्याला लावली. सवयीने मनात आलं, आता घाबरशील बघ. आणि त्याच्या मागोमाग ते वाइसचे जबडे आठवले. मी ट्रिगर दाबला.

दहा पूर्णांक पाच.

पहिली फेरी एकशे एक पूर्णांक तीन. तीन वर्षांत माझी पहिली फेरी शंभरावर गेली नव्हती. दुसरी शंभर पूर्णांक सहा. तिसरी शंभर पूर्णांक नऊ. आणि मग चौथ्या फेरीत मी स्कोअरच्या स्क्रीनकडे बघितलं, मनात बेरीज केली, आणि घाबरले. खरोखरची. तोंडाला कोरड, ठिपका जागेवर थांबेना. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. खरी भीती अशी असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि गंमत म्हणजे तिचं मला फारसं काही वाटलं नाही. रायफल खाली ठेवली, पाणी प्यायले, ट्रेमधल्या छर्ऱ्यांकडे बघितलं. एकेक ह्यांनी पालथं पडून निवडलेला. पाचवी फेरी शंभर पूर्णांक सात. सहावीत मी स्क्रीनकडे बघितलंच नाही.

शेवटचा छर्रा सुटला आणि मागे ताईंची किंकाळी ऐकू आली. सहाशे तीन पूर्णांक चार.

मी वळले. ताई रडत होत्या, कोच मोठ्या आवाजात आजूबाजूच्यांना सांगत होते, “मैंने बोला था, मैडम का स्टार्ट ज़बरदस्त है!” हे खुर्चीवर तसेच बसलेले होते, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. मी जवळ गेले. वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.

ह्यांनी खिशात हात घातला आणि हळूच नायलॉनचा पुलथ्रू बाहेर काढला. चिंधीसकट. दिवसभर खिशात घेऊन बसले होते.

“आता तरी पुसू का?” ते म्हणाले.

मी रायफल त्यांच्या मांडीवर ठेवली. “पुसा,” म्हटलं. “भरपूर तेल लावा.”

ह्यांनी तिथेच, गर्दीत, सगळ्यांच्या पायांत नळी पुसली. मग मान वर न करता म्हणाले, “उद्याचे पहिले वीस मी मारतो. तुझ्या वाट्याला नकोत.”

पुढची मोठी स्पर्धा थंडीत आहे. गावी जाणं तोवर लांबवलंय. इथेच दिल्लीत, पालमला दोन खोल्या घेतल्यात. आता ह्यांना महिन्यातून एकदा नळी पुसायची मुभा आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर पहिले वीस छर्रे हे मारतात, उभं राहून, दात आवळून. त्यातले निम्मे सात गुणांच्या वर्तुळातसुद्धा बसत नाहीत. एकदा त्यांनी तेलाचं कारण सांगून बघितलं. मी म्हटलं, “अहो, वेपन बरोबर असतं. फायरर चुकतो.”